बांध कोणाचा? गोव्याच्या किनारी गावांतील गावकारीची वाटचाल

साळ नदी बेतूलला समुद्राला मिळते. तिच्या काठच्या असोळणा, चिंचोणे, वेळ्ळी या गावांत भरतीच्या वेळी उभे राहिले की एक गोष्ट चटकन लक्षात येते. नदीचे पाणी वर आहे आणि भाताचे शेत खाली. दोहोंच्या मध्ये मातीचा आणि चिऱ्यांचा बांध आहे. तो फुटला तर एका रात्रीत शेतात खारे पाणी शिरते आणि मग पावसाळ्यामागून पावसाळे जावे लागतात, तेव्हा कुठे तिथे पुन्हा धड भात येतो.

गोव्याच्या किनारी गावांतील जमिनीचा विचार आज बहुतेक जण चौरस मीटरच्या दराने करतात. दिल्ली-मुंबईहून येणाऱ्याला इथली शांतता हवी असते, माड हवे असतात, शेतावर उतरणारे बगळे हवे असतात. घरासमोर शेत असणे हा दर वाढवणारा गुण म्हणून जाहिरातीत छापला जातो. ते शेत इतकी शतके शेत म्हणून राहिले ते ज्या संस्थेमुळे, तिचे नाव मात्र जाहिरातीत नसते. गावातल्या तरुणांनाही ते फार तर वर्षाकाठी हाती पडणाऱ्या किरकोळ रकमेपुरते ठाऊक असते. ती संस्था म्हणजे गावकारी. पोर्तुगीज अमलात तिला कोमुनिदाद म्हणू लागले आणि सरकारी कागदावर आजही तेच नाव आहे. गावच्या जमिनीला पुढे कोणते दिवस येणार हा प्रश्न विचारायचा तर आधी या संस्थेची वाटचाल पाहायला हवी, कारण गावाचे जगणे आणि गावाची मालमत्ता यांचा हिशेब तिने एकाच वहीत ठेवला होता.

गावकारी कधी सुरू झाली त्याची तारीख सांगता येत नाही. पोर्तुगीज आले तेव्हा ती चांगली जुनी होती. १५२६ साली आफोंस मेशिय या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांचे रीतिरिवाज लिहून काढले. ही सनद 'फोराल' म्हणून ओळखली जाते. गाव कसे वसले याची गोष्ट तिच्यात आरंभीच येते. फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, आणि त्यांच्यामागून वस्ती वाढली. या चौघांचे वंशज ते गावकार. नव्या राज्यकर्त्यांनी ही व्यवस्था मोडली नाही. सारा गोळा करून देणारी यंत्रणा आयती हाती लागली असताना ती कोण मोडील?

या व्यवस्थेत जमीन कोणा एकाची नव्हती. गावकारांची घराणी वांगडांत विभागलेली असत आणि पहिला वांगड, दुसरा वांगड असा मानाचा क्रम ठरलेला असे. विडा आधी कोणाला द्यायचा इथपर्यंत हा क्रम पोचे. बैठकीत मत माणसागणिक नसे, वांगडागणिक असे, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने होई. भातजमिनी ठरावीक मुदतीने पावणीत निघत, म्हणजे त्यांचा जाहीर लिलाव होई, आणि जो जास्त बोली देई तो त्या मुदतीपुरती शेती करी. आलेल्या पैशातून आधी राजाचा सारा, मग बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च, वाट आणि तळे यांची निगा. लोहार, सुतार, न्हावी, देवळातील सेवेकरी यांना पगाराऐवजी जमिनी तोडून दिलेल्या असत, त्यांना नमस म्हणत. हे सगळे भागून जे उरे ते गावकारांत वाटले जाई. तो वाटा म्हणजे झोण. तूट आली तर तीही गावकारांनीच वाटून घ्यायची, हे आज झोणाची रक्कम मोजताना फारसे कोणी आठवत नाही.

या व्यवस्थेचे सोवळे चित्र काढणे मला पटत नाही. गावकार सोडून गावात जे होते, त्यांच्या वाट्याला कष्ट होते आणि बैठकीत जागा नव्हती. ज्या गावडा आणि कुणबी लोकांनी चिखल उपसून बांध घातले, त्यांचे नाव वांगडांच्या यादीत नाही. बायकांचे तर नाहीच. गोव्यातच जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातील, ग्रामसंस्थेवर लिहिलेला अभ्यास आजही वाचण्याजोगा आहे. गावकारीकडे त्यांनी समाजाच्या घडणीचा एक पुरावा म्हणून पाहिले, आणि म्हणून तिच्यातील सामाईकपणा आणि विषमता दोन्ही त्यांना दिसल्या. तरी तेरेखोल नदीच्या पलीकडे पाहिले की फरक कळतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खोत होता. सारा वसूल करणारा तो एकटा, आणि त्याच्यापुढे उभी असलेली कुळेही एकटीएकटी. ती खोती मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणावे लागले. गोव्याच्या किनारी गावात निदान एक बैठक होती, एक वही होती, आणि गावाच्या नावाने घेतलेली जबाबदारी होती.

त्या जबाबदारीचा गाभा म्हणजे खाजन. मांडवी, जुवारी, साळ, शापोरा, तळपण या नद्यांच्या मुखांपासून भरतीचे पाणी कितीतरी आत येते. काठच्या दलदलीला बांध घालून, खारफुटी हटवून जी जमीन काढली ती खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर आहे. छोट्या राज्यासाठी हा आकडा मोठा आहे, आणि त्यातला इंच न् इंच माणसाने समुद्राकडून मागून घेतलेला आहे.

खाजनाची रचना पाहिली की आजही हात जोडावेसे वाटतात. बाहेरचा बांध चिऱ्यांनी मढवलेला, आतले बांध मातीचे. बाहेरच्या बांधापुढे खारफुटीची रांग राखलेली, म्हणजे लाटेचा जोर आधीच मोडतो. बांधात ठरावीक जागी मानस बसवलेली असते. मानशीची लाकडी दारे अशी टांगलेली असतात की भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की ती आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून पावसाचे पाणी नदीत सोडतात. यंत्र नाही, वीज नाही. चंद्राच्या गतीने दिवसातून दोनदा उघडणारे आणि दोनदा मिटणारे हे दार बसवायला लागणारा सुतार आता शोधावा लागतो. मानशीच्या आत पोंय असते, पाणी साठवणारा रुंद चर. जूनच्या पहिल्या सरींनी शेतातले मीठ धुऊन निघाले की कोरगुटसारखे खारे सोसणारे भात पेरायचे. कापणी झाली की पोंयीत मापाने खारे पाणी घ्यायचे. त्या पाण्यासोबत सुंगटे, काळुंद्रे, शेवटे, कुर्ल्या येतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून त्या धरण्याचा हक्क पावणीत जाई, आणि गावकारीच्या तिजोरीत ती रक्कम भाताच्या बरोबरीने मोलाची असे.

खरे कसब या दोन उत्पन्नांच्या मधले आहे. मासळीची पावणी घेणाऱ्याला खारे पाणी जास्त हवे असते, जास्त दिवस हवे असते. शेतकऱ्याला ते अजिबात नको असते. त्या दोघांना आपापल्या मर्जीने वागू दिले तर बलवान जिंकेल आणि बांध मरेल. किती वेळ मानस उघडी ठेवायची, जाळे कुठे लावायचे, कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली बिळे कोणी बुजवायची, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पहारा कोणी द्यायचा, हे ठरवणारा तिसरा पक्ष हवा. गावकारी हा तो तिसरा पक्ष होती. बांध फुटला तर गावची हाक जाई आणि सगळे धावत. शेतकऱ्यांचे स्वतःचे मंडळही असे, त्याला भौस म्हणत. तरी अखेरचा शब्द आणि अखेरचा खर्च गावकारीचा.

सोळाव्या शतकात या संस्थेला पहिला मोठा घाव बसला. सासष्टीत देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. देवाला घेऊन गेलेल्या घराण्यांची बैठकीतली जागा रिकामी झाली, धर्मांतर केलेल्यांनी ती राखली, आणि देवळासाठी असलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट धर्मप्रसारक मारले गेले. पोर्तुगिजांनी बोलणीच्या मिषाने तिथल्या गावकार प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. सोळा गेले आणि एकटाच निसटून परतला, अशी तिथली आठवण आहे. पाठोपाठ कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा या पाच गावांच्या जमिनी जप्त झाल्या. आपली जमीन आपल्या बैठकीने सांभाळण्याचा हक्क गमावणे म्हणजे काय, हे गोव्यात आधी या पाच गावांना कळले. आजही तिथला म्हातारा माणूस जमिनीविषयी बोलू लागला की बोलणे चार शतके मागे जाते. त्यात अतिशयोक्ती नसते. तिथल्या कित्येक कज्ज्यांची मुळे खरोखरच तिथवर पोचतात.

पुढची अडीच-तीनशे वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. राजसत्तेचे हात गावकारीच्या तिजोरीत अधूनमधून शिरत राहिले आणि गावकारी कशीबशी तग धरून राहिली. एकोणिसाव्या शतकात तिला कागदाची शिस्त लागली. फिलिप नेरी झेवियर यांनी १८५२ साली कोमुनिदादींचा इतिहास आणि कायदा पुस्तकात गोळा केला. वाट्यांचे भाग पडले, भाग विकता येऊ लागले, आणि त्याबरोबर गावात कधी पाऊल न टाकलेला भागधारक बैठकीला दावा सांगू लागला. १९०४ आणि १९३३ साली संहिता आल्या. शेवटची संहिता १५ एप्रिल १९६१ची. त्यानंतर आठ महिन्यांनी गोवा मुक्त झाला. जी राजवट ती संहिता करून गेली ती संपली, संहिता मात्र आजतागायत लागू आहे.

मुक्तीनंतर जे बदल आले त्यांतला एकेक न्याय्य होता. १९६२ साली ग्रामपंचायती आल्या. गावात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, बाईला मिळाले, गावडा-कुणब्याला मिळाले. वांगडाच्या बैठकीने शतकानुशतके जे दिले नव्हते ते एका निवडणुकीने दिले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा केला. शशिकला काकोडकरांच्या काळात १९७५चा मुंडकार कायदा आला आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांखाली झोपडीत राहणाऱ्याला घरातून कोणी हुसकावू शकणार नाही अशी हमी मिळाली. १९७६च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. बाराही महिने बांधावर राबणाऱ्या माणसाच्या नावाने उताऱ्यावर शेत लागणे ही गोव्याच्या इतिहासातली थोर गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी हळहळणाऱ्या भाटकारी सुरात मी सूर मिळवणार नाही.

पण कायदा करणाऱ्यांनी कूळ पाहिले, मालक पाहिला, शेताचा तुकडा पाहिला. बांध पाहिला नाही. शेताचे तुकडे कुळांकडे गेले आणि बांध कोणाकडेच गेला नाही. कोमुनिदादीचे भाताचे उत्पन्न आटले, तेव्हा बांधावर खर्च करायला तिच्याकडे पैसाही उरला नाही आणि कारणही. त्या जागी कुळांच्या संघटना आल्या. काहींनी मनापासून काम केले. बऱ्याच ठिकाणी मानशीची पावणी तेवढी होत राहिली, कारण मासळीत पैसा होता आणि भातात तोटा. पावणी घेणारा मानस हवी तेवढी उघडी ठेवू लागला, तिसरा पक्ष नाही म्हणायला नव्हता, आणि बांधाला भगदाड पडले तर ते सरकारने बुजवावे अशी अर्जी जाऊ लागली. सरकारी निविदा निघून माणूस येईपर्यंत दोन उधाणे येऊन जातात. अशी कित्येक खाजने आता खाऱ्या पाण्याखाली आहेत, त्यांत खारफुटी माजली आहे, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ते शेत परत शेत होण्याची वाटही बिकट झाली आहे.

तोवर गावातली माणसेही गेली होती. तारवटी होऊन बोटीवर जाणे ही सासष्टी-बार्देशची जुनी रीत. मुंबई, पूर्व आफ्रिका, मग आखात, आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंड. पाठवलेल्या पैशातून गावात मोठी घरे उठली आणि त्यांना कुलपे लागली. २०११च्या जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांपैकी साधारण एक रिकामे आढळले होते. ही घरे विकायलाही सोपी नाहीत. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार नवराबायकोची मालमत्ता सामाईक, मुलगा-मुलगी समान वारस. न्यायाच्या दृष्टीने हे उत्तमच, आणि देशाच्या इतर भागांना गोव्याकडून शिकण्यासारखे आहे. मात्र तीन पिढ्या वाटणी न होता गेल्या की एका घराचे तीस-चाळीस वारस होतात. कोणी लिस्बनला, कोणी दुबईला, कोणाचा पत्ताच नाही. वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा दावा लावायचा, सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या, तोवर छप्पर खाली येते. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले ते वारशाने शेतजमीन मिळवू शकतात, विकत घेऊ शकत नाहीत. अशा अडकलेल्या घरांवरच दलालाची नजर असते. जमीन हडप करण्याच्या ज्या तक्रारींसाठी सरकारला २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले, त्यांत बनावट कागद करून परदेशस्थांची आणि निर्वंश घराण्यांची मालमत्ता लाटल्याची प्रकरणे होती.

म्हणून किनारी गावात जमीन किंवा घर घेऊ पाहणाऱ्याला, आणि वारशाने आलेले राखू पाहणाऱ्यालाही, जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा हातात आला म्हणजे काम झाले असे समजून चालत नाही. उताऱ्यावरचे नाव कब्जेदाराचे आहे, कुळाचे आहे की कोमुनिदादीचे, हे पाहावे. जमीन आफ्रामेंतने मिळालेली असेल, म्हणजे कोमुनिदादीने वार्षिक फोर ठरवून दीर्घकाळासाठी दिलेली असेल, तर ती कोणत्या कामासाठी दिली आणि ते काम झाले का, हे पाहावे. कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीखेरीज वापरायला १९९१च्या कायद्याने बंदी आहे. भाताची शेती शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ पासून आणखी एका कायद्याने आडकाठी आहे. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामाला बंद केले. २०११च्या अधिसूचनेत तर गोव्यासाठी खास तरतूद झाली आणि खाजनांचा नाव घेऊन उल्लेख आला. दलाल यातले काही सांगत नाही. तो चहाच्या कपासोबत समुद्राचा देखावा दाखवतो.

कायदे एवढे असूनही भीती जात नाही, कारण कायद्याला खिडक्या ठेवण्याचे कसबही गोव्यात वाढले आहे. 'प्रादेशिक आराखडा २०११' या, म्हणजे २०११ सालापर्यंतच्या, आराखड्यात शेते आणि डोंगर सरसकट वस्तीचे क्षेत्र म्हणून रंगवले गेले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि २००७च्या आरंभी तो आराखडा मागे घ्यावा लागला. तो गोव्याच्या गावांचा अभिमानाचा क्षण होता. त्यानंतर पुढचा आराखडा आला, आणि त्यामागून नगरनियोजन कायद्यात एकेक कलम. २०१८ साली १६-ब, २०२३ साली १७ (२), २०२४ साली ३९-अ. अर्ज करणाऱ्याच्या सर्व्हे क्रमांकापुरता जमिनीचा प्रकार बदलण्याची सोय, असा या कलमांचा व्यवहारातला अर्थ. त्यांना न्यायालयात आव्हान मिळाले, तरी सुटा सर्व्हे क्रमांक हा विचारच गावाच्या मुळावर येतो. खाजनात एक भूखंड भरावाने उंच केला की शेजारच्या दहा शेतांचे पाणी तुंबते. पाणी सर्व्हे क्रमांक वाचत नाही, म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ते गावाच्या नावाने सांभाळले होते.

या सगळ्यात कोमुनिदाद निष्पाप राहिली असे नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटते. भातशेती गेल्यावर तिच्याकडे उरले ते डोंगरउतार, माळ आणि पठारे. गरजूंना घरासाठी आफ्रामेंत देण्याच्या तरतुदीचा आधार घेऊन काही ठिकाणी कमिटीने भूखंड वाटले ते गरजूंनाच गेले असे नाही. काही ठिकाणी अतिक्रमणाकडे डोळेझाक झाली आणि मग ती मतांची वस्ती झाली. गोव्यात आज २२३ कोमुनिदादी आहेत, आणि त्यांवर उत्तर, मध्य व दक्षिण विभागांच्या सरकारी प्रशासकांची नजर आहे. तरीही जमिनीची सीमा दाखवणारा नकाशा बैठकीत मागितला तर तो मिळेलच असे नाही. २०२५ साली विधानसभेने संहितेत दुरुस्ती करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी कोमुनिदादीच्या जमिनीवर उभी राहिलेली घरे नियमित करण्याची वाट काढली. चाळीस वर्षे एका खोलीत संसार केलेल्या बाईला तिच्या घराचा कागद मिळावा, याला माझा विरोध नाही. पण त्याच कागदाच्या आडून कोणाची हवेली नियमित होणार असेल तर गावकारांनी हरकत घेतलीच पाहिजे, आणि काही गावांत त्यांनी ती घेतली आहे.

हरकत घेण्याची ताकद अजून शिल्लक आहे, हे काणकोण तालुक्यातल्या लोलयेने दाखवले. गोव्याच्या दक्षिण टोकाचा, समुद्राला लागलेला हा शांत गाव. गावच्या डोक्यावर भगवती पठार आहे. जांभ्या दगडाचा हा सडा वरून उजाड दिसतो, म्हणून सरकारी नजरेला तो रिकामा वाटतो. पावसाचे पाणी तो पोटात घेतो आणि खालच्या झऱ्यांना, विहिरींना, कुळागरांना उन्हाळाभर पुरवतो. इथे आयआयटी आणण्याचे ठरत होते तेव्हा गावातून विरोध झाला. पुढे फिल्म सिटीचा प्रस्ताव आला तेव्हाही झाला. नोकऱ्या येतील, जमिनीला भाव येईल, हे सगळे सांगितले गेले. ही जमीन एकेका मालकाच्या नावाने असती तर एकेकाला गाठून सौदे झाले असते. ती कोमुनिदादीची होती, म्हणून प्रश्न बैठकीत आला आणि पाण्याची गोष्ट बोलली गेली. मला या गावाविषयी जे वाटते ते कौतुक नव्हे, कृतज्ञता आहे.

खाजन पुन्हा उभे करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मांडवीतल्या सांतेस्तेव बेटावर वर्षानुवर्षे पडीक राहिलेली शेते गावकऱ्यांनी एकत्र येऊन सामूहिक लागवडीखाली आणली. अशा ठिकाणी यंत्राने लावणी-कापणी होते, कारण मजूर मिळत नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शेत पिकते आहे हेच त्याला भरावापासून वाचवणारे सर्वांत मोठे बळ आहे.

तेव्हा किनारी गावाचे भवितव्य काय, असे मला कोणी विचारले तर मी आधी मानशीकडे बोट दाखवीन. फोर, पावणी आणि संपादनाचा मोबदला यांतून कोमुनिदादीकडे जो पैसा येतो त्यातला ठरावीक हिस्सा बांधासाठी बाजूला निघाला पाहिजे, आणि तो झोणाच्या आधी निघाला पाहिजे, पूर्वी निघत असे तसा. घरासाठी जमीन द्यायची तर गावातच राहणाऱ्या तरुण जोडप्यांना द्यावी, बदल्यात ती परत विकता येणार नाही अशी अट घालावी. शेजारी घर असलेला, पिढ्यान्‌पिढ्या बांधावर राबलेला कुणबी, मानशीवर जगणारा मासेमार आणि गावकाराची मुलगी ही तिघे बैठकीबाहेर उभी राहणार असतील, तर बैठकीला गावाच्या नावाने बोलण्याचा अधिकार फार काळ कोणी देणार नाही. झोण गावकारांचा राहो, त्यावर माझा आग्रह नाही. पण बांध, पाणी आणि पठार यांच्या निर्णयात या सगळ्यांना मत हवे. त्यासाठी १९६१च्या संहितेत बदल करावा लागेल, आणि तो विधानसभेला अशक्य नाही. घरांसाठी तिने २०२५ साली तशी दुरुस्ती केलीच आहे.